कांद्याच्या सालींचा अर्क, रोज तीन चमचे

२ जानेवारी, सोमवार

नवी डायरी. संकल्प तीनच केलेत, म्हणजे पाळता येतील. एक, रोज लिहायचं. दोन, कोणावर चिडायचं नाही. तीन, ऑक्टोबरात रिटायर होण्याआधी कांद्याच्या सालींचा अर्क जगापुढे आणायचा.

अन्न का नासतं यावर या संस्थेत एकतीस वर्षं घासली. एकतीस वर्षांत नाव घेण्यासारखा पेपर एकच, आणि त्यावर माझं नाव चौथं. पहिलं नाव ज्याचं, त्याला पिपेट कशी धरायची ते मी शिकवलं होतं. तो आता आमचा डायरेक्टर. तोंडावर मी त्याला सर म्हणतो. इथे चिरंजीव म्हणेन.

चिरंजीवांनी आज केबिनमध्ये बोलावून सांगितलं की १७ मार्चला तज्ज्ञांची समिती येतेय, प्रत्येकाने आपलं काम मांडायचं. ज्याच्या कामात दम नाही त्याची खोली जाणार आणि तो लायब्ररीत बसणार. माझ्या सहा नंबरच्या खोलीत त्यांना नवं मशीन बसवायचंय, हे शिपायालाही माहीत आहे. मी म्हटलं, बघू या सर.

चिडलो नाही.

४ जानेवारी, बुधवार

काल लिहायचं राहिलं. पाहुणे आले होते. आले नसते तर लिहिलं असतं.

कॅन्टीनवाल्याने आणखी दोन पोती साली दिल्या. डिसेंबरात भिजवलेला पहिला घाणा आज गाळला. पद्धत सोपी आहे. साली अल्कोहोलमध्ये आठवडाभर भिजवायच्या आणि गाळायच्या, की लालबुंद अर्क तयार. खरं म्हणजे नंतर त्यातलं अल्कोहोल उडवून टाकायचं असतं. पण ते उडवायचं मशीन चिरंजीवांच्या मजल्यावर आहे आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. मी अर्ज करणार नाही. शिवाय अल्कोहोलबरोबर सालीतला जीवही उडून जातो असं माझं ठाम मत आहे.

पावाच्या वीस स्लाइसवर अर्क फवारला, वीसवर नुसतं पाणी. दोन ट्रे, दोन्हींवर झाकण. बुरशी कोणाला आधी लागते ते बघायचं.

माझी असिस्टंट हुशार आहे, पण तिला श्वास घेतानाही शंका येते. मी तिचं नाव कुमारी शंका ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात. म्हणाली, सर, तिसरा ट्रे लावू या का, नुसत्या अल्कोहोलचा? म्हणजे पाव वाचवतोय तो कांदा की अल्कोहोल, ते कळेल. मी म्हटलं, मला इथे एकतीस वर्षं झाली, तुला तीन. तिने मान डोलावली. तसंही फ्रिजशेजारी तिसऱ्या ट्रेला जागा नाही.

९ जानेवारी, सोमवार

पाण्याच्या पावाला हिरवी दाढी! अर्काचा पाव जसाच्या तसा!

कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला खोलीत आणून ट्रे दाखवले. अकाउंट्सवाला म्हणाला, छान. शिपाई म्हणाला, छान. चिरंजीव म्हणाले, कंट्रोल, म्हणजे तुलनेचे ट्रे, नीट आहेत ना, सर? मला अजून सर म्हणतो. लोकांना ऐकू जावं म्हणून म्हणत असणार.

१४ जानेवारी, शनिवार

ताईकडे गेलो. हे जरा सविस्तर लिहितो, कारण अर्काचं मूळ कारण ताई आहे.

आई गेली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती, मी नऊ. तिने कॉलेज सोडलं, मी शिकलो. माझ्या डिग्रीच्या कागदावर निम्मं नाव तिचं असायला हवं होतं. सहा वर्षांपासून तिच्या मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा. वाईट दिवस आले की दिवसातून दहादहा वेळा जावं लागतं, रक्त पडतं, बाहेर पडायची भीती वाटते. पोटाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. कांद्याच्या सालीतला जो पदार्थ बुरशीला थोपवतो तोच आतड्याची आगही शांत करतो, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. उंदरांवर. ताईला बरं करायचं आणि मग रिटायर व्हायचं. तिचं देणं मला दुसऱ्या कशाने फेडता येणार नाही.

बाटली दिली. तीन चमचे रोज, चमचाभर पाण्यातून. ताईने बूच काढून हुंगलं आणि म्हणाली, अरे, याला दारूचा वास येतोय. मी समजावलं की लॅबमधलं अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे, ते नुसतं वाहन आहे. मी स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. बाकी, शास्त्राचं शिक्षण नसलेल्या नाकावर किती भरवसा ठेवायचा.

गोळ्या बंद कर असंही सांगितलं. दोन्ही एकदम घेतलं तर कशाने बरं वाटलं ते कळणार कसं? तिने मान डोलावली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि पेपर उघडला. एक वही आखून दिली. रोज एक ओळ: दुखणं, भूक, झोप.

लहानपणी मी मातीच्या गोळ्या वळून औषध-औषध खेळायचो आणि ताई त्या न कुरकुरता खायची. तिचा माझ्यावर तेव्हापासून विश्वास आहे.

१६ जानेवारी, सोमवार

कुमारी शंकेला ताईच्या वहीबद्दल सांगितलं. पेशंट एकच का, म्हणाली. शिवाय माणसावर प्रयोग करायला परवानगी लागते, म्हणाली. घरच्या माणसाला कसली परवानगी! पण एक मुद्दा मला तिच्या आधीच सुचला होता, की तुलनेला एक निरोगी माणूस हवा. तो मी. सत्तावन्न वर्षांचा, निर्व्यसनी, दगड पचवणारा. आजपासून मीही तीन चमचे, मोठे. सकाळी सात, अकरा, चार.

पहिला चमचा घशातून उतरताना जाळ झाला. म्हणजे माल जिवंत आहे.

२५ जानेवारी, बुधवार

मधले दिवस कामात गेले.

नवा शोध. अर्काचा परिणाम फक्त पोटावर नाही, मनावरही होतो. अकराचा डोस घेतला की पंधरा मिनिटांत सगळं जग आपलं वाटतं. परवा स्टोअरकीपरशी हस्तांदोलन केलं. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. काल जिन्यात गाणं म्हटलं, दोन कडवी. लोक थांबून ऐकत होते. याचा स्वतंत्र पेपर होईल.

सकाळी उठल्यावर मात्र डोकं ठणकतं. काम डोक्याचं, तेव्हा चालायचंच. एक पेनकिलर, रिकाम्या पोटी. लगेच बरं वाटतं.

सौ. ने आज दारातच मला हुंगलं आणि आत निघून गेली. कांद्याचा वास तिला पहिल्यापासून सहन होत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे. काय सांगू!

खिडक्यांच्या काचा आरशासारख्या लख्ख. गेल्या वर्षी ज्या बाईला खुर्चीतून उठवत नव्हतं, ती आता खिडक्या पुसतेय! मी तसं म्हटलं तर दाजींना ठसका लागला. चहा नाकात गेला असावा.

वही पाहिली. जानेवारीचा महिना पूर्ण. दुखणं हळूहळू कमी, मग नाही. भूक चांगली. झोप शांत. एकच पेन, एकसारखं अक्षर, कुठे खाडाखोड नाही. या शिस्तीच्या निम्मी जरी कुमारी शंकेत असती तरी मी आज कुठे असतो. जानेवारीच्या पानांचे फोटो घेतले. पुढची पानं उलटायला लागलो तर ताईने वही ओढून घेतली. म्हणाली, हात तेलकट आहेत तुझे.

अर्क संपलाय, म्हणाली. मोठी बाटली आणशील का? एकतीस वर्षांत माझ्याकडे पुन्हा काही मागणारी ती पहिलीच.

१३ फेब्रुवारी, सोमवार

पोटात जळजळ, बेंबीच्या जरा वर. वर्षानुवर्षं साठलेलं आम्ल बाहेर पडतंय. औषध कामाला लागलं की आधी असंच होतं. डोस वाढवला. पाच चमचे.

आणि एक फितुरी उघडकीला आली. फ्रिजच्या वर, मोजमापाच्या जुन्या रजिस्टरांमागे, तिसरा ट्रे! नुसत्या अल्कोहोलचा. कुमारी शंकेने ४ जानेवारीलाच गुपचूप लावला होता. तारखेसकट. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. आपल्या पद्धतीवर ज्याचा विश्वास असतो त्याला डोकावायची गरज पडत नाही. मी बोललो. बरंच बोललो. दुसरा संकल्प मोडला, पण असल्या वेळी संकल्पच कच्चा होता असं म्हणावं लागेल. शेवटी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फेकून दे. तिने मान डोलावली.

मग म्हणाली, सर, तुमचा चेहरा पांढरा पडलाय, डॉक्टरांना दाखवा. विषय बदलायची ही तिची जुनी खोड.

२६ फेब्रुवारी, रविवार

वजन चार किलोने कमी. पट्ट्याला नवं भोक पाडलं. या वयात लोक पोट कमी करायला पैसे मोजतात.

थोडं नाजूक, पण शास्त्राला लाज नसते. चार दिवस शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. आधी दचकलो. मग उलगडलं. सालींमधला गडद रंग! म्हणजे अर्क आतड्यात शेवटपर्यंत पोचतो याचा ढळढळीत पुरावा. नोंद केली, वेळेसकट.

जिना चढताना दम लागतो. लिफ्ट बंद आहे, तक्रार केली पाहिजे.

सौ. ने आज विषय काढलाच. मुलीशीही फोनवर बोलली म्हणे. बाटल्या कुठे ठेवता, एवढंच सांगा, म्हणाली. मी म्हटलं, लॅबमध्ये, आणखी कुठे. ती रडायला लागली. शास्त्रज्ञाच्या बायकोने इतकं हळवं असू नये.

१६ मार्च, गुरुवार

उद्या.

स्लाइड बावीस. पहिल्या दहात पाव, पुढच्या दहात ताई, एकविसावीवर निरोगी माणूस, बाविसावीवर फक्त एक कांदा. त्या कांद्यापाशी मी दहा सेकंद गप्प उभा राहणार. आरशासमोर चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, भावनेने.

चिरंजीवांनी दुपारी खोलीत डोकावून विचारलं, काही मदत हवी का, सर? अल्कोहोल उडवायचं मशीन रिकामं आहे, अर्जाची गरज नाही, म्हणाले. आत्ता सुचतंय! गंगेत घोडं न्हायच्या आदल्या दिवशी. मी आभार मानले आणि दार लावून घेतलं.

१७ मार्च, शुक्रवार, सकाळी ९.४०

सहा चमचे. भीती नावाची गोष्ट उरली नाही. मघाशी वॉचमनला मिठी मारली.

१७ मार्च, दुपार

झालं ते असं.

पाव छान गेला. लोक हसले, योग्य जागी हसले असं आत्तापर्यंत वाटत होतं. समितीतल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी विचारलं की नुसत्या अल्कोहोलचा ट्रे कुठे आहे? मी म्हटलं, गरज नव्हती. पाणी आणि अर्क यांतला फरक आंधळ्यालाही दिसेल. त्यांनी कुमारी शंकेकडे पाहिलं. ती उठली, बाहेर गेली आणि तिसरा ट्रे घेऊन आली. फेकलाच नव्हता.

बाईंनी तो आणि माझा अर्काचा ट्रे उलटसुलट करून शेजारी ठेवले, दोन्हींवरच्या चिठ्ठ्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, यातला तुमचा कुठला? एका ट्रेतल्या पावावर दोनतीन ठिपके होते. दुसरा स्वच्छ. मी क्षणाचाही विचार न करता स्वच्छ ट्रेवर बोट ठेवलं. रंग जरा फिका वाटला होता, पण बहात्तर दिवसांत रंग उडतोच. बाईंनी हात काढला. ती चिठ्ठी अल्कोहोलची होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

मी लगेच ताईकडे वळलो. बाईंनी विचारलं, या पेशंटची बाकीची औषधं बंद आहेत? मी म्हटलं, संपूर्ण. परवानगी? मी म्हटलं, सख्खी बहीण आहे माझी! आवाज चढला असावा, कारण कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तो माझ्या हातून पडला. कांद्याच्या स्लाइडपर्यंत पोचू दिलं नाही.

बाहेर चिरंजीवांनी खांद्यावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाले, सर, सकाळी सकाळीच? घरी सगळं ठीक आहे ना?

याचा अर्थ मला लागला नाही.

२० मार्च, सोमवार

विचार केला. पाव हरला म्हणून ताई हरत नाही. एक जिवंत माणूस बरा झालाय, त्यापुढे वीस स्लाइसची काय कथा. समितीला पत्र लिहायला घेतलंय. चार पानं झाली. नाकाने कांदे सोलणारे असले तज्ज्ञ बरेच पाहिलेत.

खोली रिकामी करायची नोटीस आली. ३१ मार्च. कुमारी शंका खोकी घेऊन आली आणि न सांगता माझी पुस्तकं भरायला लागली. तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला म्हटलं, तू ट्रे फेकला का नाहीस? म्हणाली, तारीख घातली होती, सर, तारीख घातलेलं काही फेकायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. हे मी शिकवलं होतं खरं.

चारच्या डोसनंतर उलटी झाली. कॉफीच्या गाळासारखी. कॉफी तर मी पीत नाही. सालींचा रंग

२३ मार्च, गुरुवार

वाक्य अर्धं राहिलं, कारण त्यानंतर मी वॉशबेसिनपाशी पडलो. शिपायाला सापडलो. अँब्युलन्समध्ये कुमारी शंका बरोबर होती म्हणे.

वॉर्ड, खाट अकरा. खिडकीतून पार्किंग दिसतं. तीन बाटल्या रक्त चढवलं. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. जठरात जखम आहे, बऱ्यापैकी खोल, त्यातून कित्येक आठवडे रक्त झिरपत होतं. काळं होत होतं ते रक्त. उलटीत आलं तेही रक्त. मी सालींच्या रंगाबद्दल सांगायला लागलो तर त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, रोज किती घेता?

मी म्हटलं, आयुष्यात थेंब नाही. ते सौ. कडे बघत हसले. सगळे असंच म्हणतात, म्हणाले. मग मी चमचे सांगितले. कुमारी शंकेने अर्कातल्या अल्कोहोलची टक्केवारी सांगितली. डॉक्टरांनी गुणाकार केला आणि म्हणाले की रिकाम्या पोटी रोजचे दोनतीन पेग झाले हे, वर रोज पेनकिलर. जठराचं काय होणार दुसरं?

सौ. म्हणाली, म्हणजे तुम्ही पीत नव्हता? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो. ती माझा हात धरून बसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

जिन्यातलं गाणं आठवलं. लोक थांबून ऐकत होते.

२४ मार्च, शुक्रवार

ताई आली, दाजींबरोबर. चेहरा भरलाय, गालांवर रंग आहे. एकटी दोन मजले चढून आली. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ताई, माझं जाऊ दे, तू बरी झालीस ना, सगळं भरून पावलं. समितीच्या बाईंना तुला नेऊन दाखवतो.

ताईने दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, सांग आता त्याला.

तिने अर्काचा एकही थेंब घेतला नव्हता. वासानेच नको झालं, म्हणाली. पण टाकून द्यायला जीव होईना, तू इतक्या प्रेमाने आणलेलं. म्हणून काचा पुसल्या. फार छान निघतात. डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्याच नव्हत्या. डिसेंबरात त्यांनी नवी गोळी दिली होती, तिने गुण आला.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुझं मन मोडवेना रे. तू लहानपणी मातीच्या गोळ्या करायचास, मी खाल्ल्या म्हटलं की किती खूश व्हायचास.

म्हणजे त्या गोळ्याही तू?

वेडा आहेस का, म्हणाली. परसात टाकून द्यायचे.

म्हणजे या सगळ्या प्रयोगात तो अर्क पोटात घेणारा माणूस एकच, आणि तो निरोगी म्हणून निवडलेला. मला राग आला. तिच्यावर आला, दाजींवर आला, मान डोलावणाऱ्या प्रत्येकावर आला. म्हटलं, जा तुम्ही. ताईने माझ्या कपाळावर हात ठेवला, मी लहान असताना ताप बघायला ठेवायची तसा. मी मान वळवली. ती गेली.

जाताना वही उशाशी ठेवून गेली. तुझी आहे, म्हणाली. आता उघडून पाहिली. जानेवारीतच कधीतरी बसून तिने सगळी लिहून टाकलेली दिसतेय, एका बैठकीत, ३० एप्रिलपर्यंत. मघाशी नर्सने विचारलं होतं की दुखणं एक ते दहांत किती, आणि मी आठ म्हटलं होतं. आजची तारीख शोधली. २४ मार्च. दुखणं नाही. भूक चांगली. झोप शांत.

खाडाखोड कुठेही नाही.